घरच्या घरी अंडी उबवणी : यंत्र स्वस्त, लक्ष महाग

ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, ज्यांच्या दारी गाय-म्हैस नव्हती, त्यांच्याही अंगणात दोन-चार कोंबड्या असत. खेड्यापाड्यातील आपल्या आयाबायांची ती बँकच होती. मुलाची वही-पेन्सिल, आजारपणातले औषधपाणी, एस.टी.चे भाडे अशी किती तरी अडलेली कामे अंडी विकून निभावली जात. धम्मदीक्षेपूर्वी याच कोंबड्यांपैकी एखादी मरीआईच्या नवसाला जायची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूर येथे आपल्याला धम्माचा मार्ग दाखविला आणि नवससायास सुटले. कोंबडी मात्र दारात राहिली. तिचा हिशेब देवाच्या नावे न लागता संसाराच्या खात्यात लागू लागला, एवढाच फरक.

आज वस्त्या-वस्त्यांतून नवी हौस दिसते. मोबाइलवर चित्रफिती पाहून तरुण मुले थर्मोकोलच्या डब्यात बल्ब लावून अंडी उबविण्याचे यंत्र घरीच बनवितात. ही हौस चांगली आहे. पण तिचे दोन शेवट नेहमी पाहण्यात येतात. एक, चार दिवसांत उत्साह ओसरतो आणि डबा माळ्यावर जातो. दोन, एकदा दहा पिल्ले निघाली की लगेच कर्ज काढून पाचशे अंड्यांचे यंत्र घेण्याची घाई होते. या दोहोंच्या मधला शहाणपणाचा रस्ता कोणता, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

कोंबडी काय करते?

यंत्र बनविण्याआधी खुडूक कोंबडीकडे नीट पाहावे. रवणाला बसलेली कोंबडी २१ दिवस जागा सोडत नाही. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे दाणापाण्यासाठी उठते, तेवढेच. ती अंड्यांना अंगाची ऊब देते. चोचीने व पायाने अंडी पुन्हा पुन्हा फिरविते. तिच्या अंगाखाली थोडा दमटपणा असतो, आणि बाजूने हवाही खेळती असते. म्हणजे ऊब, दमटपणा, हवा आणि फिरविणे ही चार कामे ती करते. आपल्या डब्याला हीच चार कामे करायची आहेत, पाचवे काही नाही.

ही विद्या जुनी आहे. इजिप्त देशात प्राचीन काळापासून मातीच्या विटांच्या भट्ट्यांतून हजारो अंडी एकाच वेळी उबविली जात. शेण व काड्या जाळून ऊब दिली जाई, आणि कारागीर अंडे पापणीला लावून ऊब ओळखत. परंतु ही विद्या काही घराण्यांपुरतीच होती. बापाने मुलाला सांगायची, बाहेरच्याला नाही. फ्रान्सचे शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७४९ साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि थर्मामीटर हाती असेल तर हे काम कोणालाही करता येते, हे मांडले. जन्माने मिळणारी विद्या मोजमापाने सर्वांची झाली. विद्या कोंडून ठेवली म्हणजे काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून आपणही अंदाजावर न जाता मोजमापावर जाऊ.

अंडी कोणती घ्यावीत?

दुकानात मिळणारी पांढरी अंडी कितीही दिवस उबवली तरी त्यांतून पिल्लू निघणार नाही. मोठ्या पोल्ट्रीत अंड्यांवरील कोंबड्यांबरोबर नर ठेवलेला नसतो, त्यामुळे ती अंडी फळलेली नसतात. उबविण्यासाठी अंडी घ्यायची ती ज्या कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा आहे अशा ठिकाणची. अंडे मध्यम आकाराचे, स्वच्छ आणि न तडकलेले असावे. फार मोठे, फार लहान किंवा वेड्यावाकड्या आकाराचे बाजूला काढावे. अंडे धुऊ नये. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात आणि त्यांवर नैसर्गिक थर असतो. धुतल्याने तो जातो व रोगजंतू आत शिरतात. तेलकट हातही लावू नये.

अंडी जमविताना निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवावीत. साधारण १३ ते १८ अंश सेल्सिअस ही योग्य थंडाई. फ्रीजमधला गारठा त्यांना सोसत नाही. आपल्या घरात पाण्याच्या माठाशेजारी, ओल्या वाळूवर ठेवलेली टोपली बरी. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी घेऊ नयेत. उन्हाळा असेल तर तीन-चार दिवसांतच उबवायला ठेवावीत.

डबा कसा बनवावा?

मासळी बाजारात किंवा औषधाच्या दुकानात थर्मोकोलचा जाड डबा मिळतो. झाकणाला हाताएवढी खिडकी कापून तीवर काच बसवावी, म्हणजे झाकण न उघडता आत पाहता येते. तळाशी पसरट भांड्यात पाणी ठेवावे व त्यावर तारेची जाळी बसवून जाळीवर अंडी आडवी मांडावीत. हवेसाठी खालच्या बाजूला चार आणि वरच्या बाजूला चार छिद्रे पाडावीत. अंड्यातला जीव श्वास घेतो. छिद्रे बुजविली तर तो गुदमरतो.

ऊब देण्यासाठी जुन्या पद्धतीचा, तार तापणारा पिवळा बल्ब लागतो. एल.ई.डी. दिव्याने या कामापुरती ऊब मिळत नाही. वीस अंड्यांच्या डब्याला २५ वॅटचे दोन बल्ब लावावेत, म्हणजे एक उडाला तरी दुसरा थोडी ऊब धरून ठेवील. बल्ब व थर्मोकोल यांत किमान एक वीत अंतर हवे, कारण थर्मोकोल उष्णतेने वितळतो व पेटतो. बल्बभोवती छिद्रे पाडलेला पत्र्याचा डबा उलटा बसवावा. त्यामुळे पिल्लेही भाजत नाहीत. ठराविक ऊब आली की बल्ब आपोआप बंद करणारे थर्मोस्टॅट विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र आहेत, घरात लहान मुले आहेत, हे क्षणभरही विसरू नये.

तीन आकडे पाठ करावेत

पहिला आकडा उबेचा. डब्यात छोटा पंखा बसविला असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर वरची हवा जास्त तापते व खालची कमी. म्हणून थर्मामीटर अंड्याच्या वरच्या पातळीला ठेवून तेथे ३८.३ ते ३८.९ अंश राखावे. बाजारातला स्वस्त थर्मामीटर खरा की खोटा हे ओळखण्याची युक्ती घरातच आहे. पेलाभर कोमट पाण्यात तो आणि घरातला ताप मोजायचा थर्मामीटर एकत्र धरावा. दोघांत जेवढा फरक येईल तेवढा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

दुसरा आकडा दमटपणाचा. पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. दमटपणा भांड्यातील पाण्याच्या खोलीवर नव्हे, पसाऱ्यावर अवलंबून असतो. कोकणात पावसाळ्यात लहान वाटी पुरेल, मराठवाड्याच्या कोरड्या हवेत परात लागेल. पाण्याचा ताळा अंड्याच्या वजनावरूनही घेता येतो. ५० ग्रॅमचे अंडे १८व्या दिवशी साधारण ४४ ग्रॅमचे झालेले असावे. फारच कमी घटले असेल तर पाणी जास्त होते, फार घटले असेल तर कमी.

तिसरा आकडा फिरविण्याचा. दिवसातून किमान तीन वेळा अंडी उलटावीत. अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या अंगाला गोल करावा, म्हणजे घोळ होत नाही. कष्टकरी घरात वेळ कोणाला, असा प्रश्न येईल. त्यासाठी कामे वाटून घ्यावीत. पहाटे नळाला पाणी येते तेव्हा आईने, दुपारी शाळेतून आल्यावर मुलीने, रात्री जेवणानंतर वडिलांनी. वेळा तीन किंवा पाच अशा विषम असाव्यात, म्हणजे रात्रीचा लांब वेळ रोज एकाच अंगावर जात नाही. १८व्या दिवसानंतर फिरविणे बंद.

अंडी ठेवण्याआधी रिकामा डबा एक पूर्ण दिवस चालवून पाहावा. ऊब स्थिर राहिली तरच अंडी ठेवावीत. एक गोष्ट लक्षात ठेवावी. थोडा वेळ गारवा अंडी सोसतात, जास्त उष्णता सोसत नाहीत. वीज गेली तर डबा गोधडीने गुंडाळावा, हवेची थोडी वाट ठेवावी आणि गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवाव्यात. काही तास निभावते. पण भर उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांवर गेली तर बल्ब बंद असूनही आतला जीव मरतो. म्हणून वर्षावास संपला, धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला आणि थंडी पडू लागली की सुरुवात करावी, व माघ पौर्णिमेच्या सुमारास शेवटची खेप घ्यावी.

अंधारात दिसणारा जीव

सातव्या दिवशी रात्री दिवे मालवून अंड्याच्या रुंद टोकाला टॉर्च लावावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. अंडे नुसतेच स्वच्छ दिसले तर ते फळलेले नाही. रक्ताचे कडे दिसले तर जीव धरून मेला आहे. १४व्या दिवशी पुन्हा पाहावे. मेलेली अंडी काढावीतच, नाही तर ती सडून फुटतात व बाकीच्यांनाही बाधतात.

घरातील मुलामुलींना हे जरूर दाखवावे. तिसऱ्या दिवसापर्यंत त्या इवल्याशा गर्भाचे हृदय चालू झालेले असते. शाळेच्या पुस्तकातला धडा येथे डोळ्यांसमोर घडतो. यात चमत्कार नाही, दैवी कृपा नाही. ऊब, हवा, पाणी यांच्या योगाने घडणारी क्रिया आहे. कारण असेल तर कार्य घडते, कारण नसेल तर घडत नाही, हा तथागतांचा विचार मुलाला यापेक्षा सोप्या रीतीने समजावता येणार नाही.

शेवटचे तीन दिवस हात बांधून बसावे

१८व्या दिवशी पाणी वाढवून झाकण लावावे आणि उघडू नये. २०व्या दिवसाच्या सुमारास पिल्लू रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच घालते, मग कवचाला टोच मारते. पहिल्या टोचीपासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागू शकतात. त्या वेळी घरातल्या प्रत्येकाला वाटते, जरा कवच सोलून मदत करावी. करू नये. त्या काळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असते व कवचाच्या आतील रक्तवाहिन्या सुकत असतात. घाईने सोलले तर रक्त जाते. पोटातल्या बलकावर पिल्लू जवळजवळ दोन दिवस दाणापाण्याशिवाय राहू शकते. म्हणून अंग सुकून पिसे फुलेपर्यंत त्याला डब्यातच राहू द्यावे.

नंतर खोक्यात बल्बखाली पहिला आठवडा ३५ अंश ऊब द्यावी व दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करावी. पिल्ले बल्बखाली एकावर एक गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते, लांब पळून चोची उघडून धापा टाकत असतील तर उकडते. पाणी उथळ ताटलीत खडे टाकून ठेवावे, म्हणजे ती बुडत नाहीत. पहिल्या आठवड्यात मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गंबोरोची लस, याबाबत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूची पहिली साथ आढळली होती. पक्षी एकाएकी मरू लागले तर गुपचूप पुरू नयेत, विकू तर मुळीच नयेत. दवाखान्यात कळवावे. पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

आता हिशेब

समजा २० अंडी १५ रुपयांप्रमाणे आणली, ३०० रुपये. दोन बल्ब मिळून ५० वॅट, दिवसातून १० ते १२ तास पेटले, तर २१ दिवसांत ११ ते १३ युनिट वीज जाते. १२ युनिट आणि ८ रुपये दर धरला तर ९६ रुपये. एकूण ३९६. बारा पिल्ले निघाली तर एक पिल्लू ३३ रुपयांना पडले. सहाच निघाली तर ६६ रुपयांना. डब्याला १,००० रुपये लागले असतील आणि बारा-बारा पिल्लांच्या पाच खेपा झाल्या, तर त्याचा घसारा दर पिल्लामागे सुमारे १७ रुपये. एकाच खेपेनंतर डबा माळ्यावर गेला तर ८३ रुपये! हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावचे भाव घालून आपण हिशेब करावा. खाद्य, लस आणि पिल्लांच्या उबेची वीज यांची नोंद वेगळी ठेवावी.

म्हणजे नफा-तोटा डब्याच्या किमतीत नाही. तो फिरवायला चुकलेल्या पाळीत आणि न पाहिलेल्या थर्मामीटरमध्ये आहे. म्हणूनच यंत्राआधी शंभर पानी वही घ्यावी. तारीख, वेळ, ऊब, दमटपणा, कोणी फिरविले, रोज पाच रकाने. पिल्ले कमी निघाली तर वही कारण सांगेल. वही नसेल तर नशीब कारण सांगेल, आणि नशिबाचा निरोप आपण १९५६ सालीच घेतला आहे.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. शेत केवळ लहान आहे म्हणून तोट्याचे ठरत नाही. जमीन, भांडवल आणि श्रम यांचे एकमेकांशी प्रमाण जुळले पाहिजे, असा त्यातील मुद्दा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने पाचशे अंड्यांचे यंत्र घेतले, तर पाचशे अंड्यांची पिल्ले ठेवणार कोठे? यंत्र मोठे, जागा लहान, हात दोन : हे प्रमाण जुळत नाही. वीस अंडी, एक खोके, अंगणातले एक खुराडे, हे जुळते.

बचत गटांतील भगिनींना येथे कळकळीने सांगावेसे वाटते. पिल्ले आम्ही देऊ, अंडी आम्हीच विकत घेऊ, तुम्ही फक्त पैसे भरा, असे सांगणारे लोक गावोगाव येतात. २०१९ साली कडकनाथ कोंबडीपालनाच्या अशाच एका योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकल्याचे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रात गाजले. कालाम लोकांना तथागतांनी हेच शिकविले की ऐकीव आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पडताळा. ज्या बाईने तीन खेपा स्वतः वही ठेवून काढल्या आहेत तिला गोड बोलणारा दलाल फसवू शकणार नाही. कारण शंभर अंड्यांतून शंभर पिल्ले निघत नाहीत, हे ती आपल्या हाताने शिकलेली असते. पिल्ले विकतच घ्यायची असतील तर पुण्यात खडकी येथे, तसेच छत्रपती संभाजीनगर, नागपूर व कोल्हापूर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. तेथे चौकशी करावी.

शीलाचा प्रश्न

पंचशील ग्रहण करणाऱ्याने हा उद्योग करावा का, असे काही उपासक विचारतात. प्रश्न टाळण्यासारखा नाही. निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. ते अंडी देणार नाहीत. त्यांचे काय करणार, हे अंडी ठेवण्याआधीच घरात बोलावे. काही कुटुंबे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात, मांसासाठी विकत नाहीत. त्यांनी नरांचे दाणापाणी हिशेबात धरावे आणि तेवढीच अंडी ठेवावीत. दुसरी कुटुंबे वेगळा निर्णय घेतील. ज्याने त्याने आपल्या शीलाला विचारावे. पण एका गोष्टीबद्दल दुमत नसावे. दहाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून बल्ब बंद करणे, धडधडते हृदय असलेली अंडी उकिरड्यावर टाकणे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. २१ दिवस आणि पुढचे दोन महिने जबाबदारी घेता येत नसेल तर अंडी ठेवूच नयेत. मैत्री आणि करुणा विहारातल्या वंदनेपुरती नसते, ती पहाटे उठून अंडी फिरविण्यातही असते.

शेवटी एक सूचना. प्रत्येक घरी डबा हवाच असे नाही. वस्तीतील पाच भगिनींनी मिळून एक डबा करावा, पाळ्या वाटून घ्याव्यात आणि पिल्लेही वाटून घ्यावीत. वही सातवी-आठवीतल्या मुलीच्या हाती द्यावी आणि दर रविवारी वंदनेनंतर विहारात तिने ती सर्वांना वाचून दाखवावी. पिल्ले किती निघाली हे तर कळेलच; पण मोजायचे, लिहायचे आणि चारचौघांत हिशेब मांडायचा, ही सवय त्या मुलीला लागेल. ती सवय कोंबड्यांच्या उत्पन्नापेक्षा जास्त दिवस टिकते.

जयभीम!